टाइम्स स्क्वेअर हॉटेल: पाडली जाणारी इमारत ६५२ घरांची कशी झाली

न्यूयॉर्कला मॅनहॅटनमध्ये पश्चिम ४३ वा रस्ता आठव्या अॅव्हेन्यूला मिळतो त्या कोपऱ्यावर पंधरा मजल्यांची एक इमारत उभी आहे, १९२२ साली हॉटेल म्हणून बांधलेली. दोन पावलांवर टाइम्स स्क्वेअर, आजूबाजूला ब्रॉडवेची थिएटरं, म्हणजे जमिनीचा भाव विचारूच नये अशी जागा. आणि या इमारतीत आज ६५२ छोटी घरं आहेत, ज्यातले साधारण निम्मे रहिवासी कधीतरी रस्त्यावर नाहीतर शेल्टरमध्ये, म्हणजे बेघरांच्या तात्पुरत्या निवाऱ्यात, राहिलेले आहेत आणि उरलेले निम्मे कमी पगारावर काम करणारे लोक आहेत. लॉबी मात्र जुन्या थाटाची, नीट दुरुस्त केलेली. हेरिटेजवाल्यांच्या यादीतही हीच इमारत आणि स्वस्त घरांच्या यादीतही हीच. असं फार कमी ठिकाणी झालंय म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण जुनी इमारत वाचली पण माणसं गेली अशी उदाहरणं ढीगभर सापडतात, दोन्ही टिकलं असं क्वचित.

आधी पार्श्वभूमी, कारण त्याशिवाय ही इमारत इतकी महत्त्वाची का होती ते कळणार नाही.

न्यूयॉर्कमध्ये गरीब एकट्या माणसाचं घर म्हणजे वर्षानुवर्षं एसआरओ, सिंगल रूम ऑक्युपन्सी. एक माणूस, एक खोली, बऱ्याचदा संडास-बाथरूम पॅसेजमध्ये कॉमन, भाडं आठवड्याचं. बंदरावरचे कामगार, वेटर, म्हातारे पेन्शनर, छोटी कामं करणारे नट, गावाकडून आलेली एकटी माणसं, सगळे अशा खोल्यांत राहायचे. राहणी हलाखीचीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण दार आतून लावता यायचं, पत्ता स्वतःचा असायचा, आणि भाडं हातावर पोट असलेल्याला झेपायचं.

मग शहरानंच या खोल्या संपवायला घेतल्या. १९५५ मध्ये नवीन एसआरओ बांधायला बंदी आली, घरं चांगली असावीत हा हेतू, पण खोल्या बंद करताना त्यातल्या माणसाने कुठं जायचं याचं उत्तर कुणीच दिलं नाही. १९७० च्या दशकात जे-५१ नावाची करसवलत अशा इमारतींनाही लागू झाली, म्हणजे मालकाने एसआरओ रिकामी करून तिथं मोठे महागडे फ्लॅट काढले तर त्याला मालमत्ता करात सूट! सरकारी तिजोरीतनं पैसे देऊन गरिबांच्या खोल्या मोडायच्या असाच तो प्रकार झाला, आणि मालकांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला, काही ठिकाणी भाडेकरूंना हुसकावायला हीटिंग बंद कर, कुलूप तोड, गुंड पाठव हे सगळं झालं. गेल्या काही दशकांत मिळून एक लाखाच्या वर खोल्या गेल्या असं सर्वसाधारणपणे मानतात.

त्याच काळात राज्याची मनोरुग्णालयं रिकामी होत होती. १९५५ साली तिथं जवळपास ९३ हजार रुग्ण होते, पुढच्या पंचवीस वर्षांत त्यातले बहुतेक बाहेर आले, आणि बाहेर येऊन जाणार कुठं तर याच स्वस्त खोल्यांत, ज्या एकीकडे मोडल्या जात होत्या. व्हायचं तेच झालं, माणसं रस्त्यावर आली. १९७९ मध्ये बेघर पुरुषांच्या वतीने कॅलहान विरुद्ध कॅरी ही केस दाखल झाली, १९८१ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा आला आणि बेघर पुरुषांना शेल्टर देणं शहरावर बंधनकारक झालं. म्हणजे आधी खोल्या मोडायला करसवलत दिली, नंतर त्याच माणसांना रात्री झोपायला जागा द्यायला पुन्हा पैसे मोजले.

शहराला चूक कळली तोवर उशीर झालेला. १९८५ च्या जानेवारीत तर, एसआरओ पाडण्यावर बंदी लागू व्हायच्या तोंडावर, टाइम्स स्क्वेअरच्याच जवळ ४४ व्या रस्त्यावर रातोरात इमारती पाडल्या गेल्या, परवानगी नाही, गॅसचं कनेक्शनही तोडलेलं नाही, स्फोट झाला असता तर किती माणसं मेली असती कोण जाणे. पुढे शहराने कडक कायदा केला की एसआरओ पाडता येणार नाही, बदलता येणार नाही, उलट खोल्या दुरुस्त करून भाड्यानेच दिल्या पाहिजेत, तो १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने सीवॉल असोसिएट्सच्या खटल्यात रद्द केला. कोर्टाचं म्हणणं सरळ होतं, मालकावर भरपाईशिवाय एवढं ओझं टाकता येत नाही.

हा निकाल मला या सगळ्या प्रकरणाचा सांधा वाटतो. त्यानंतर स्वस्त खोल्या वाचवायचा एकच खात्रीचा मार्ग उरला, इमारत विकत घ्या आणि चांगल्या हाती द्या.

आता आपल्या इमारतीकडे.

टाइम्स स्क्वेअर हॉटेलही याच उतरणीवरून गेलेलं. सुरुवातीला मध्यमवर्गीय पाहुण्यांचं हॉटेल, मग हळूहळू कायमचे राहणारे भाडेकरू, मग १९८० च्या दशकात शहरच बेघर लोकांना तिथं ठेवायला लागलं. त्या काळात ‘वेलफेअर हॉटेल’ म्हणून जे प्रकरण चाललं होतं ते फार वाईट होतं, एका खोलीत अख्खं कुटुंब, त्या खोलीचं महिन्याचं बिल बाहेरच्या चांगल्या फ्लॅटच्या भाड्यापेक्षा जास्त, आणि पैसा सरकारचा. मालकाला दुरुस्ती करायची काय गरज, खोली भरलेलीच आहे. दशकाच्या शेवटी हॉटेल दिवाळखोरीत निघालं. आत राहिलेले बरेचसे म्हातारे, आजारी, मानसिक त्रास असलेले, आणि नियमभंगाच्या नोटिसांचा ढीग. कुणीतरी बिल्डर घेईल, रिकामी करेल आणि पाडेल नाहीतर पर्यटकांचं हॉटेल करेल, हेच सगळ्यांना दिसत होतं.

रोझॅन हॅगर्टी या बाई तेव्हा तिशीच्या आसपास होत्या. कॅथलिक धर्मादाय संस्थेत ब्रुकलिनला घरांच्या प्रकल्पांवर काम केलेल्या, त्यामुळे करसवलतीचे नवे कायदे कसे वापरायचे ते त्यांना कळत होतं. आधी त्यांनी इतर संस्थांना गळ घालून बघितली की तुम्ही ही इमारत घ्या. कुणी तयार झालं नाही, आणि त्यात नवल काही नाही, एवढी अवाढव्य, एवढी मोडकळीला आलेली आणि आत माणसं राहत असलेली इमारत कोण अंगावर घेणार. शेवटी १९९० मध्ये त्यांनी स्वतःच ‘कॉमन ग्राउंड’ ही संस्था काढली आणि १९९१ मध्ये शहराच्या मदतीने इमारत ताब्यात घेतली.

वेळ इथं फार महत्त्वाची होती. १९९१ म्हणजे मंदी, आणि टाइम्स स्क्वेअर तेव्हा बदनाम भाग, लोक संध्याकाळनंतर तिकडून जायला कचरायचे. सहा वर्षांनी शेजारच्या ४२ व्या रस्त्यावर न्यू अॅमस्टरडॅम थिएटर डिस्नेने दुरुस्त करून उघडलं आणि त्या भागाचं रूपच पालटलं. तेव्हा ही इमारत घ्यायला गेलं असतं तर कुठल्याही सेवाभावी संस्थेला दारातही उभं केलं नसतं. भाव पडलेले असतात तेव्हा सगळे हात आखडता घेतात, आणि भाव चढले की मग स्वस्त घरं कुठं गेली म्हणून परिषदा भरवतात. इथं शहराने आणि संस्थेने उलटं केलं म्हणून जमलं.

पैसा कुठून आला

हा भाग जरा किचकट आहे पण खरी मेख इथंच आहे म्हणून नीट सांगतो. दुरुस्तीवर सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलर लागले. भाड्यातून एवढं कर्ज कधीच फिटलं नसतं, भाडंच मुळात कमी ठेवायचं होतं. मग तीन झरे एकत्र केले. शहराचं एसआरओंसाठीचं अगदी कमी व्याजाचं कर्ज, त्यावर केंद्र सरकारची कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची करसवलत, जी १९८६ च्या करसुधारणा कायद्यात आली, आणि तिसरी ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीची करसवलत, मान्य खर्चाच्या २० टक्के.

सेवाभावी संस्थेला कर नसतोच, मग करसवलतीचं ती करणार काय? तर ती सवलत अशा कंपनीला मिळते जिला भरपूर कर भरायचाय. कंपनी भागीदार म्हणून रोख पैसे घालते, संस्था त्या पैशातून इमारत दुरुस्त करते, आणि कंपनीला पुढची काही वर्षं करात सूट मिळते. म्हणजे हा पैसा परत फेडायचाच नसतो. कर्जाचा बोजा कमी, म्हणून भाडं कमी ठेवता येतं.

पण प्रत्येक पैशाला एक दोरी बांधलेली असते आणि मला वाटतं या प्रकरणात शिकण्यासारखं हेच आहे. घरांच्या सवलतीची अट अशी की भाडेकरूचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आतच पाहिजे, सर्वसाधारणपणे त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांच्या आत, आणि भाडंही त्या हिशोबातच. अट मोडली तर कंपनीने घेतलेली करसूट सरकार परत वसूल करतं, त्यामुळे भागीदार कंपनीच डोळ्यात तेल घालून बघते की भाडं वाढत तर नाही ना. दुसऱ्या बाजूने ऐतिहासिक सवलतीची अट अशी की इमारत ऐतिहासिक जागांच्या राष्ट्रीय नोंदणीत पाहिजे, आणि दर्शनी भाग, लॉबी, जिना अशा ज्या गोष्टींमुळे इमारतीला तिची ओळख आहे त्या तशाच ठेवून दुरुस्त करायच्या. खोल्यांच्या आत बदलाला बरीच मोकळीक असते, सार्वजनिक जागांत नसते. टाइम्स स्क्वेअर हॉटेल १९९५ मध्ये त्या नोंदणीत गेलं.

म्हणजे बघा, एका सवलतीने भाडेकरूला बांधून ठेवलं आणि दुसरीने लॉबीला. पाडणं पण परवडत नाही आणि लोकांना काढणं पण परवडत नाही अशी स्थिती मुद्दाम तयार केली. १९८९ ला कोर्टाने जे सक्तीने करू दिलं नाही ते इथं मालकाच्या राजीखुशीने, पैसे देऊन, करारात आलं. नुसती हेरिटेजची सवलत असती तर उत्तम दुरुस्त झालेलं महागडं हॉटेल झालं असतं, आणि नुसती घरांची सवलत असती तर कुणीतरी छत खाली घेऊन लॉबीत अजून चार खोल्या काढल्याच असत्या.

काम सुरू असताना जुन्या भाडेकरूंना बाहेर काढलं नाही हे मला सगळ्यात मोठं वाटतं. टप्प्याटप्प्याने काम केलं, लोक इमारतीतच राहिले. हे ऐकायला सोपं वाटतं पण ज्यांनी कधी राहत्या घरात प्लंबिंगचं काम काढलंय त्यांना कल्पना येईल, इथं तर शेकडो खोल्या, जुन्या पाइपलाइन, जुनं वायरिंग, आणि आत अशी माणसं ज्यांना खोली बदला म्हटलं तरी धास्ती बसते. कामाचा वेळ वाढतो, खर्च वाढतो, ठेकेदार वैतागतो. तरीही, ‘तात्पुरतं बाहेर जा, काम झालं की परत या’ असं सांगून पाठवलेल्या गरीब भाडेकरूंपैकी परत किती जण येतात ते कुठल्याही शहरातल्या माणसाला विचारा. जागेवर ठेवणं हीच एक खरी हमी.

राहायला कोण आलं

शेजारपाजारच्या लोकांची भीती होती की इथं आणखी एक मोठं शेल्टर होणार. यावर जो तोडगा निघाला त्यावरच इमारतीचा सगळा स्वभाव ठरला. निम्मी घरं बेघर राहिलेल्यांना, ज्यांच्यात मानसिक आजार असलेले, एचआयव्ही असलेले, म्हातारे असे बरेच, आणि निम्मी कमी पगाराच्या नोकरदारांना, ज्यात थिएटरच्या भागामुळे नट, नर्तक, पडद्यामागे काम करणारे हेही आले. दोन्ही प्रकारचे लोक एकाच मजल्यावर, शेजारी शेजारी. कुठल्या दारामागे कोण हे पॅसेजमधून जाणाऱ्याला कळत नाही.

प्रत्येकाच्या नावावर रीतसर भाडेकरार असतो, हे फार मोलाचं. शेल्टरमध्ये माणूस पाहुणा असतो, कुणीही उद्या जा म्हणू शकतं. इथं तो भाडेकरू असतो आणि त्याला भाडेकरूचे सगळे कायदेशीर हक्क असतात. भाडं उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के. समुपदेशन, औषधांची मदत, नोकरी शोधायला मदत हे सगळं इमारतीतच मिळतं, पण घ्यायची सक्ती नाही, ती नाकारली म्हणून घर जात नाही. आणि ही कामं करणारी संस्था वेगळी, सेंटर फॉर अर्बन कम्युनिटी सर्व्हिसेस, तर इमारत सांभाळणारी आणि भाडं घेणारी कॉमन ग्राउंड वेगळी. ही फोड बारीकशी वाटते पण त्यामागे अनुभव आहे: ज्याचं भाडं द्यायचं राहिलंय त्याच्यापाशी माणूस मन मोकळं करत नाही. उलट भाडं थकलं की ते काहीतरी बिनसल्याचं लक्षण समजून दुसरी संस्था आधी दार ठोठावते, नोटीस नंतर.

खाली चोवीस तास माणूस बसलेला असतो. हे रहिवाशांवर पाळत ठेवायला नसून त्यांना सोडून दुसरं कुणी घुसू नये म्हणून, कारण जुन्या हॉटेलच्या दिवसांत दलाल आणि ड्रगवाले सरळ वर जायचे. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला दुकानांचे गाळे, त्यातलं एक बेन अँड जेरीजचं आइस्क्रीमचं दुकान संस्थेनेच चालवलं आणि तिथं रहिवाशांना कामाला घेतलं. मोक्याच्या कोपऱ्यावरच्या गाळ्यांचं भाडं इमारतीच्या खर्चाला लागतं हाही जुन्या इमारतीचा एक फायदा, शहराबाहेर माळावर बांधलेल्या स्वस्त वसाहतीत हे उत्पन्न कुठून येणार.

आणि लॉबी. गरिबांच्या इमारतीत संगमरवर आणि नक्षीच्या छतावर पैसे कशाला घालायचे असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही भेटतात. माझं मत स्पष्ट आहे, तो पैसा वाया गेलेला नाही. खोली लहान असते तेव्हा माणूस खोलीबाहेरच्या जागेत राहतो. एक तर ऐतिहासिक सवलत त्या लॉबीमुळेच मिळाली, आणि दुसरं म्हणजे जी जागा नीट ठेवलेली दिसते ती लोक नीट ठेवतात, मोडकी ठेवली तर आणखी मोडतात. शिवाय शेल्टरच्या हॉलमधून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी अशा दारातून आत जायला मिळणं याची किंमत कुठल्या हिशोबात धरायची?

हिशोब मात्र कुणीतरी केलाय. ही इमारत ज्या काळात उभी राहिली तेव्हा १९९० मध्ये शहर आणि राज्य यांच्यात ‘न्यूयॉर्क-न्यूयॉर्क करार’ झाला होता, मानसिक आजार असलेल्या बेघर लोकांसाठी अशी आधारासहित घरं काढायचा. त्या करारातून घर मिळालेल्या ४,६७९ लोकांचा अभ्यास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये छापला. घर मिळण्याआधी असा एक माणूस शेल्टर, हॉस्पिटल, तुरुंग वगैरे मिळून वर्षाला सरासरी ४०,४५१ डॉलरच्या सेवा वापरत होता. घर मिळाल्यावर दर घरामागे वर्षाला १६,२८१ डॉलर वाचले. घराचा आणि मदतीचा खर्च १७,२७७ डॉलर, म्हणजे सरकारला जास्तीचा पडला तो हजार डॉलरपेक्षाही थोडा कमीच. रस्त्यावर ठेवणं आणि घरात ठेवणं जवळपास सारख्याच खर्चात पडतं, तरी शहरं पहिलं निवडतात याचा मला खरंच राग येतो.

उणिवा

या प्रकरणाची स्तुती करताना काही गोष्टी लपवून चालणार नाही. ६५२ घरं एका इमारतीत म्हणजे फार झाली, व्यवस्थापन जरा ढिलं पडलं की एवढ्या मोठ्या इमारतीची घसरण झपाट्याने होते, इथं ती झाली नाही कारण कर्मचारी भरपूर आहेत, आणि कर्मचाऱ्यांचा पैसा दरवर्षी सरकारी अनुदानातून यावा लागतो. इमारत दुरुस्तीला निधी मिळवणं त्यामानाने सोपं, फीत कापायला मिळते. समाजसेवकाच्या पंधराव्या वर्षाच्या पगाराला निधी देणारा सहज सापडत नाही. शिवाय खोल्या एकट्या माणसापुरत्या, मुलंबाळं असलेल्यांचा प्रश्न याने सुटत नाही. आणि एक लाखाच्या वर गेलेल्या खोल्यांसमोर ६५२ किती, ते दिसतंच आहे.

संस्थेने पुढे हीच रीत आणखी ठिकाणी वापरली. पूर्व २८ व्या रस्त्यावरचं १९०४ चं प्रिन्स जॉर्ज हॉटेल, जे वेलफेअर हॉटेल म्हणून १९८० च्या दशकात कुप्रसिद्ध होतं, ते १९९९ मध्ये ४१६ घरांची इमारत म्हणून उघडलं, आणि तिथला जुना बॉलरूम नंतर दुरुस्त होऊन भाड्याने दिला जातो, त्याचं उत्पन्न इमारतीलाच. हॅगर्टी बाईंना २००१ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. कॉमन ग्राउंडचं नाव २०१५ पासून ‘ब्रेकिंग ग्राउंड’ आहे आणि टाइम्स स्क्वेअर अजून तेच चालवतात.

दुसऱ्या शहरात कुणी असं करायला निघालं तर लॉबीच्या फोटोंच्या आधी करार वाचावा, आणि त्यातही मुदतीचं कलम. करसवलतीची पहिली मुदत १५ वर्षांची असते. त्यानंतर पैसे घातलेली कंपनी बाहेर पडू बघते आणि तेव्हाच जमिनीचा भाव सगळ्यांच्या डोळ्यात भरतो. अमेरिकी कायद्यात सेवाभावी संस्थेला अशा वेळी इमारत आधी आणि ठरलेल्या किमान किमतीला घेण्याचा हक्क करारात घालता येतो, पण तो आपोआप मिळत नाही, सुरुवातीलाच लिहून घ्यावा लागतो. ज्या प्रकल्पांत मालक नफा कमावणारा होता आणि हे कलम नव्हतं तिथं मुदत संपल्यावर भाडी बाजारभावाला गेल्याची उदाहरणं आहेत, भिंती जुन्याच, आत राहणारे नवे. टाइम्स स्क्वेअरला मालक पहिल्यापासून संस्थाच होती, म्हणून तिथं हा प्रश्न आला तरी इमारत विकायची की नाही अशी चर्चा न होता पुढची दुरुस्ती कशातून करायची एवढीच होऊ शकते.